मरळीसाठी दोरी, रॉड आणि रील: आधी काय ठरवावे आणि शेवटी काय घ्यावे

नाशिक परिसरात कृत्रिम आमिषाने मासेमारी शिकू पाहणारे बहुतेक जण खरेदीची सुरुवात रीलपासून, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्रापासून करतात. काचेच्या कपाटात ते चकाकत असते, मूठ फिरवून पाहिली की गुळगुळीत फिरते, आणि मग दुकानदार त्यावर बसेल असा एखादा रॉड व दोरीचे एक रीळ काढून देतो. हा संच घेऊन माणूस दारणा नदीच्या काठी जातो. आमिष पंधरा पावलांपलीकडे पडत नाही, पाणवेलीत मासा लागलाच तर दोरी तुटते, आणि घरी येऊन तो मासेच उरले नाहीत असे सांगतो. खरे म्हणजे त्याची खरेदी उलट्या क्रमाने झालेली असते. आधी पाणी आणि मासा, मग आमिषाचे वजन, मग दोरी, मग रॉड आणि सर्वांत शेवटी रील हा क्रम पाळला, तर प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे उत्तर देत जाते.

हा लेख मरळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या रॉडवर आणि आमिषांवर अनेकदा ‘बास’ असा शिक्का असतो. तो उत्तर अमेरिकेतील लार्जमाउथ बास या माशाचा असून गोदावरीच्या खोऱ्यात हा मासा नाही. तरीही ते सामान मरळीला बऱ्यापैकी लागू पडते, कारण दोन्ही मासे आडोशाला दबा धरून बसतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर किंवा लहान माशावर झडप घालतात. मात्र तिकडे ‘बास रॉड’ म्हणून एकच प्रकार नसतो. मोकळ्या पाण्यात तिहेरी गळाची आमिषे ओढण्यासाठी लवचीक रॉड वापरतात आणि दाट वनस्पतींवरून रबरी बेडूक ओढण्यासाठी ताठ रॉड वापरतात. आपल्याला बहुतेक वेळा दुसरा हवा असतो आणि गळ्यात पडतो तो पहिला.

टप्पा १: पाणी पाहून येणे

खरेदीला निघण्यापूर्वी निदान दोन वेळा रिकाम्या हाताने पाण्यावर जाऊन यावे आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात: आमिष काठापासून किती दूर पडायला हवे, पाण्यात अडथळे कोणते आहेत, फेकताना मागे हात फिरवायला जागा आहे का, आणि लागलेला मासा कोठून वर काढता येईल. अंतर काठावर पावलांनी मोजावे, कारण पाण्यावरचा डोळ्यांचा अंदाज अनेकदा चुकतो. तीस मीटर वाटलेली पाणकणसाची बेटे मोजल्यावर अठरा-वीस मीटरवर निघू शकतात.

दारणा आणि कादवा या नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे साठलेल्या पाण्यात जलपर्णी, पाणकणीस आणि काठालगत बेशरमाची झुडपे अशी दाटी असते. मरळ याच दाटीत राहते. तिला हवेतून श्वास घेता येत असल्यामुळे ती मधूनमधून वर येते, आणि पानांच्या फटीत अचानक उठलेला बुडबुडा किंवा हललेले पान ही तिची खूण असते. येथे लांब फेकीची गरज जवळजवळ नसते. दहा ते वीस मीटरवरून अचूक फेकणे आणि लागलेल्या माशाला पानांत शिरू न देता सरळ ओढून आणणे, एवढेच सामानाकडून अपेक्षित असते. धरणाच्या मोकळ्या, दगडगोट्यांच्या काठावर याच्या उलट चित्र असते. तेथे फेक लांब लागते, अडथळा वनस्पतींचा नसून काळ्या पाषाणाच्या धारेचा असतो, आणि दोरी तुटण्यापेक्षा घासून जाण्याची भीती अधिक असते. या दोन जागांना एकच संच पुरेल अशी आशा धरू नये. ज्या जागी वर्षातून जास्त वेळा जाणे होणार आहे, तिच्यासाठी पहिला संच घ्यावा.

सावधान: जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात, म्हणून त्यांची परवानगी आधी घ्यावी. गंगापूर धरणातून शहराला पिण्याचे पाणी मिळते, त्यामुळे तेथील निर्बंध काटेकोरपणे पाळावेत. नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य असून त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला आहे, तेव्हा तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. शेततळे हे मालकाचे असते, आणि त्यातील प्लास्टिकचा कागद ओला असताना इतका निसरडा होतो की आत घसरलेल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यावर एकट्याने जाऊ नये आणि उतारावर पाय ठेवू नये.

हंगामाचाही विचार येथेच करावा. पावसाळ्यात मरळ पिल्लांची राखण करते आणि लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर वळवळताना दिसतो. त्याखाली नर-मादी असतात आणि त्या वेळी कोणत्याही आमिषावर चवताळून येतात. ते मारले की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो, म्हणून तेथे गळ टाकू नये. निफाडकडे पारा उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत मरळ मंदावते. नवशिक्याने सराव तेव्हा करावा आणि आशा मार्चनंतर धरावी.

टप्पा २: आमिषाचे वजन मोजणे

रॉड काय फेकू शकतो हे आमिषाच्या वजनावर ठरते, म्हणून आमिषे आधी घ्यावीत. हा सल्ला विचित्र वाटतो, पण तीन-चार आमिषे घेऊन घरी आणण्यास फारसा खर्च येत नाही आणि त्यांच्यामुळे पुढची मोठी चूक टळते. दाट पाणवेलीसाठी पोकळ रबरी बेडूक दोन घ्यावेत, ज्यांचे दोन्ही गळ वरच्या बाजूला अंगालगत असतात आणि त्यामुळे पानांत अडकत नाहीत. मोकळ्या फटींसाठी एक चमचा किंवा फिरत्या पात्याचे आमिष पुरे.

आता स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा आणि प्रत्येक आमिष मोजून वहीत लिहावे. पाकिटावरचे वजन अनेकदा औंसात असते. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, अर्धा औंस १४, तीन अष्टमांश सुमारे साडेदहा आणि पाव औंस ७ ग्रॅम. पोकळ बेडकात पाणी शिरते, म्हणून तो बुडवून, दाबून, पुन्हा मोजावा. कोरड्याच्या आणि ओल्याच्या वजनात फरक दिसतो, आणि काठावर आपण नेहमी ओलाच फेकत असतो.

तपासणी: वहीत सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड आमिषाचे ग्रॅममधील वजन लिहिलेले असावे. ते नसेल तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये. मरळीसाठी हे आकडे बहुतेक वेळा १० ते २० ग्रॅमच्या दरम्यान येतात.

टप्पा ३: दोरी

सर्वाधिक घोळ येथे होतो. दोरीचे तीन प्रकार समोर येतात. पहिला म्हणजे साधी नायलॉनची एकपदरी दोरी, जिला आपल्याकडे तंगूस म्हणतात. दुसरा फ्लुरोकार्बन, जो दिसायला तंगुसासारखाच पण पाण्याहून बराच जड असल्यामुळे बुडतो. तिसरा म्हणजे पॉलिएथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली ब्रेड, जी पाण्यावर तरंगते आणि जवळजवळ ताणली जात नाही.

ताण हा मुद्दा नीट समजून घ्यावा. तंगूस चांगलाच ताणला जातो. रोहू-कटल्याला पिठाच्या गोळीवर धरताना हा ताण उपयोगी पडतो, कारण माशाचा हिसका दोरी पचवते. मरळीच्या बाबतीत तोच ताण नडतो. तिचा जबडा हाडाचा असतो आणि बेडकाचे गळ जाड असतात. वीस मीटर तंगूस मध्ये असेल तर आपण रॉड कितीही जोरात उचलला तरी त्या हिसक्याचा मोठा भाग दोरीच्या ताणण्यातच जातो, गळ हाडात शिरत नाही, मासा बेडूक चावून सोडून देतो. शिवाय मरळ पहिल्या दोन सेकंदांत देठांत शिरते आणि ताणणारी दोरी तिला तेवढी सवड देते. म्हणून पाणवेलीसाठी ब्रेडच घ्यावी.

आता आकडे. पाकिटावर ताकद पौंडात असते, व्यास मिलिमीटरमध्ये असतो आणि अनेकदा पीई हा जपानी पद्धतीचा क्रमांकही असतो. एक पौंड म्हणजे ०.४५ किलो, म्हणजे ३० पौंड सुमारे साडेतेरा किलो आणि ४० पौंड सुमारे अठरा किलो. पीई क्रमांक हा जाडीचा असतो: पीई २ सुमारे ०.२३५, पीई ३ सुमारे ०.२८५ आणि पीई ४ सुमारे ०.३३ मिलिमीटर. नाशिकच्या बंधाऱ्यांवरील मरळीसाठी पीई ३ पुरे आणि फारच दाट जागी पीई ४ घ्यावी. त्याहून जाड दोरी नवशिक्याला केवळ धीर देते, आणि त्या बदल्यात फेक कमी करते.

स्वस्त ब्रेडच्या पाकिटावर ताकदीचा आकडा फुगवलेला असतो, म्हणून तो आकडा सोडून व्यास आणि पीई क्रमांक यांचा मेळ पाहावा. ०.१६ मिलिमीटर आणि ४० पौंड असे एकाच पाकिटावर लिहिलेले असेल, तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे. तंगुसाची जाडी घरी तपासायची असेल तर पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढवता, गुंडाळावेत आणि त्या पट्ट्याची रुंदी मोजून तिला वीसने भागावे. सहा मिलिमीटर रुंदी आली तर दोरी ०.३० ची आहे. ब्रेड चपटी होत असल्याने तिला ही युक्ती लागू पडत नाही.

ब्रेडची दुखरी बाजू म्हणजे घासणे. ताणलेली ब्रेड दगडाच्या धारेला एकदा लागली की कात्रीने कापावी तशी जाते. पाणवेलीत बेडूक थेट ब्रेडला बांधावा. दगडी काठावर मात्र ब्रेडच्या टोकाला ०.४५ ते ०.५० मिलिमीटरचा तंगूस किंवा फ्लुरोकार्बन अर्धा-पाऊण मीटर जोडावा. अख्खे रीळ, म्हणजे रीलमधली दोरी गुंडाळायची चकरी, फ्लुरोकार्बनने भरण्याचा मोह टाळावा. तो ताठ असतो, रीळावरून उड्या मारतो, आणि बुडत असल्यामुळे वर तरंगणाऱ्या बेडकाचे नाक खाली ओढतो.

दोरीच्या रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. गढूळ पाण्यात आणि पानांवर त्याने काही बिघडत नाही. आपल्याला दिसेल असा रंग घ्यावा.

टप्पा ४: रॉड

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. ती वाचता आली की दुकानदाराच्या वर्णनाची गरज उरत नाही. तीत लांबी, पॉवर, अॅक्शन, आमिषाच्या वजनाची मर्यादा आणि दोरीच्या ताकदीची मर्यादा एवढ्या गोष्टी असतात.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि अॅक्शन म्हणजे तो कोठून वाकतो. या दोन गोष्टी लोक सर्रास एकच मानतात. फास्ट अॅक्शनचा रॉड वरच्या तिसऱ्या भागात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट अॅक्शनचा मध्यापर्यंत वाकतो. मरळीसाठी मीडियम हेवी पॉवर आणि फास्ट अॅक्शन घ्यावी, म्हणजे शेंडा बेडकाला हलक्या हिसक्यांनी नाचवतो आणि खालचा ताठ भाग गळ रुतवतो.

तरीही केवळ ‘मीडियम हेवी’ या शब्दांवर विसंबू नये. पॉवरच्या या नावांना सर्व उत्पादकांमध्ये समान असे मोजमाप नाही, आणि एकाचा मीडियम हेवी दुसऱ्याच्या मीडियमइतका मऊ निघतो. भरवसा ठेवायचा तो आमिषाच्या वजनाच्या आकड्यांवर. वहीतील आपली आमिषे त्या मर्यादेच्या मधल्या भागात बसली पाहिजेत. आमिषे १० ते २० ग्रॅमची असतील तर ७ ते २८ ग्रॅमचा रॉड योग्य ठरतो. १५ ते ४० ग्रॅमच्या रॉडने १० ग्रॅमचा बेडूक फेकला तर रॉड वाकतच नाही, आणि न वाकलेला रॉड म्हणजे नुसती काठी: सगळा जोर खांद्याला पडतो आणि आमिष पायाजवळ.

लांबी साडेसहा ते सात फूट, म्हणजे १९८ ते २१३ सेंटिमीटर असावी. काठावर बाभळी असतील तर साडेसहा, उघडा काठ असेल तर सात. एकसंध रॉड दोन तुकड्यांच्या रॉडपेक्षा चांगला, असे सांगणारे भेटतील, आणि तत्त्वतः ते खरेही आहे; पण सात फुटी एकसंध रॉड घेऊन भरलेल्या एसटीत चढून पाहिलेल्या माणसाला या तत्त्वाची किंमत कळते. मोटारसायकल किंवा एसटीने जाणाऱ्याने दोन तुकड्यांचाच घ्यावा. चार-पाच नळ्या एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड मात्र या कामाला नको. त्याचे सांधे वारंवारच्या फेकीने सैल पडतात.

दुकानात पुढील तपासण्या स्वतःच्या हाताने कराव्यात, आणि दुकानदार घाई करू लागला तरी थांबू नये. पहिली तपासणी कापसाची. रॉडवर दोरी ओवण्यासाठी जी कडी असतात, त्यांतील प्रत्येक कड्याच्या आतून कान साफ करण्याची काडी फिरवावी. कोठे कापूस अडकला तर त्या कड्याला चीर आहे, आणि ती चीर तुमची ब्रेड रोज थोडीथोडी कापणार आहे. दुसरी, रॉड डोळ्यांसमोर आडवा धरून सगळी कडी एका रेषेत आहेत का ते पाहावे. तिसरी, दोन तुकडे जोडून शेंडा हलक्या हाताने हलवावा. जोडाकडून टकटक असा आवाज आला तर तो रॉड परत ठेवावा. शेंडा हाताने धरून रॉड वाकवून दाखवण्याची दुकानातील पद्धत चुकीची आहे, कारण कार्बनचा शेंडा अशानेच मोडतो. वाकवायचाच असेल तर कड्यांतून दोरी ओवून, दुसऱ्याला ती जमिनीलगत धरायला सांगून वाकवावा.

काचतंतूचा रॉड जड पण दणकट असतो. कार्बनचा हलका आणि संवेदनशील असतो, पण धक्क्याला नाजूक असतो. दिवसभर फेकायचे असल्याने कार्बन बरा.

सावधान: कार्बनमधून वीज वाहते. कालव्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या काठाने शेतीपंपांच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. तारेखालून जाताना रॉड आडवा धरावा, तारेजवळ कधीही फेकू नये, आणि ढगांचा गडगडाट सुरू होताच रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे.

टप्पा ५: रील

रील दोन प्रकारचे. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लोंबते, त्याचे रीळ फेकताना स्थिर राहते आणि दोरी त्यावरून सुटत जाते. बेटकास्टर रॉडच्या वर बसते आणि फेकताना त्याचे रीळच फिरते. बेटकास्टर अचूक असते, जाड दोरी पेलते आणि पाणवेलीतून ओढायला जोरकस असते. परंतु आमिष पाण्यात पडताना अंगठ्याने रीळ थांबवले नाही तर दोरीचा असा गुंता होतो की चिमणीचे घरटे बरे. नवशिक्याने पहिले वर्ष स्पिनिंगवर काढावे. रॉडही त्यानुसार वेगळा लागतो: स्पिनिंगच्या रॉडची कडी खाली असतात आणि मुठीजवळचे कडे मोठे असते, तर बेटकास्टरच्या रॉडची कडी वर असतात आणि मुठीखाली बोट अडकवायला आकडा असतो. एकाचे रील दुसऱ्यावर बसवून काम भागवण्याचा प्रयत्न दर हंगामात कोणी ना कोणी करतो.

स्पिनिंगमध्ये ३००० हा आकार या कामाला बसतो. ४००० ही चालेल, पण हात लवकर दुखतो. हे आकडेही उत्पादकानुसार थोडे बदलतात, म्हणून रीळावर छापलेली क्षमता पाहावी.

गिअर रेशोबद्दल मोठा गैरसमज आहे. ६.२:१ म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात, स्पिनिंगमध्ये दोरी गुंडाळणाऱ्या फिरत्या भागाचे आणि बेटकास्टरमध्ये रीळाचे, ६.२ फेरे होतात, एवढेच. दोरी किती आत येईल हे रीळाच्या घेरावरही अवलंबून असते. भरलेल्या रीळाचा व्यास ४६ मिलिमीटर असेल तर घेर सुमारे १४५ मिलिमीटर, आणि ५.२:१ च्या रीलवर एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंटिमीटर दोरी येते. बेटकास्टरचे रीळ ३४ मिलिमीटरचे असेल तर घेर १०७, आणि ७.३:१ असूनही येते ७८ सेंटिमीटर. म्हणजे ‘संथ’ आणि ‘वेगवान’ म्हणून विकलेली ही दोन रीले प्रत्यक्षात सारखीच चालतात. मरळीसाठी एका फेऱ्याला ७५ ते ९० सेंटिमीटर दोरी यावी. बेडूक संथ ओढायचा असतो, पण मासा लागल्यावर सैल दोरी झटकन गोळा करता आली पाहिजे.

बेअरिंगची संख्या मोजत बसू नये. त्यापेक्षा ड्रॅग तपासावा. ड्रॅग म्हणजे ठरावीक ओढीनंतर रीळाला दोरी सोडू देणारी यंत्रणा. ड्रॅगचे बटण मध्यम आवळून रीळावरून हळूहळू दोरी ओढावी: ती अखंड सुटली पाहिजे. अडकत, झटके देत सुटली तर मासा नेमका त्या झटक्यात दोरी तोडतो. नंतर मूठ उलट फिरवून पाहावी, ती जवळजवळ न हलता थांबली पाहिजे. बेल नावाची तारेची कमान हाताने मिटवून पाहावी, ती ठाम बसली पाहिजे आणि दोरी जिथून वळते तो छोटा रोलर बोटाने फिरला पाहिजे. रोलर अडकलेला असेल तर दोरीला पीळ पडतो, आणि त्याचा दोष पुढे वर्षभर दोरीला दिला जातो.

पैशांच्या वाटणीबद्दल माझे मत असे: पाच हजार रुपये असतील तर दोन हजार रॉडला, सतराशे-अठराशे रीलला, सातशे-आठशे दोरीला आणि उरलेले आमिषांना द्यावेत. तीन हजारांचे रील आणि शंभराची दोरी हा संच मी अनेकांच्या हातात पाहिला आहे. त्यात मासा फक्त शंभराच्या दोरीशी लढतो.

टप्पा ६: दोरी भरणे आणि ड्रॅग लावणे

ब्रेड थेट गुळगुळीत रीळावर बांधू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. दारणेच्या एका बंधाऱ्यावर पहिली चांगली मरळ लागली तेव्हा मी मूठ फिरवत होतो, रील फिरत होते आणि दोरी मात्र तसूभरही आत येत नव्हती. ड्रॅग सैल असेल म्हणून तो पूर्ण आवळला तरी तेच. तोवर मासा पाणकणसांच्या मुळांत गेला. घरी आल्यावर कळले की ब्रेडचा सगळा गठ्ठा रीळाच्या दांड्याभोवती अखंड गोल फिरत होता. ब्रेड इतकी निसरडी असते की गाठ असूनही ती धातूला पकड देत नाही.

उपाय म्हणजे खाली तंगुसाचा थर द्यावा आणि त्यावर ब्रेड भरावी. यामुळे महागडी ब्रेडही वाचते. किती तंगूस लागेल याचा हिशेब सोपा आहे. रीळावर ‘०.३० मि.मी. – १६० मी.’ असे लिहिले आहे आणि आपल्याकडे ०.२८ ची १०० मीटर ब्रेड आहे असे धरू. जागा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. ०.२८ चा वर्ग ०.०७८४ आणि ०.३० चा ०.०९, म्हणजे १०० मीटर ब्रेड ही ८७ मीटर तंगुसाची जागा घेईल. १६० मधून ८७ गेले, उरले ७३. तेवढा ०.३० चा तंगूस आधी भरावा.

भरताना क्रम असा ठेवावा.

१. रील रॉडला बसवावे, दोरी खालच्या पहिल्या कड्यातून ओवावी आणि बेल उघडून मगच रीळाला गाठ मारावी. बेल मिटलेली असताना गाठ मारून, सगळी दोरी बाहेर राहिल्यावर लक्षात येणे ही प्रत्येकाची पहिल्या दिवसाची चूक आहे.

२. दोरीचे रीळ जमिनीवर आडवे ठेवावे आणि दहा फेरे गुंडाळून थांबावे. दोरी सैल सोडली असता तिला वेटोळी पडत असतील तर जमिनीवरचे रीळ उलटे करावे.

३. ओल्या फडक्यात दोरी चिमटीने घट्ट धरून भरावी. सैल भरलेली ब्रेड पुढे जोरात ओढली की आतल्या थरांत रुतते आणि पुढची फेक अर्ध्यावर अडते.

४. रीळाच्या कडेला दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरले तर दोरीचे वेढे एकदम सुटतात. फार कमी भरले तर दोरी कडेला घासून फेक तोकडी पडते.

गाठीसाठी ब्रेडला पॅलोमर गाठ शिकावी. दोरी दुहेरी करून आमिषाच्या कड्यातून ओवावी, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ घालावी, सुटलेल्या फाशातून अख्खे आमिष पार करावे आणि थुंकीने ओले करून सावकाश आवळावे. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच दोरीची ताकद जाते. तंगूस ब्रेडला जोडण्यासाठी दुहेरी युनी गाठ पुरे. एफजी गाठ कड्यांतून अधिक सहज जाते, पण ती घरी शांतपणे बांधावी.

ड्रॅग अंदाजाने लावू नये. आमिषाच्या जागी वजनाचा स्प्रिंगकाटा बांधावा, रॉड पंचेचाळीस अंशात धरावा आणि दुसऱ्या माणसाला काटा ओढायला सांगावा. दोरीच्या किंवा पुढे जोडलेल्या तंगुसाच्या, जे कमी असेल त्याच्या, ताकदीच्या पाव भागावर दोरी सुटू लागली पाहिजे. ३० पौंडांच्या ब्रेडला हे सुमारे साडेतीन किलो येते. रॉडवर छापलेली दोरीची मर्यादा दोरीच्या ताकदीहून कमी असेल तर पाव भाग रॉडच्या आकड्याचा धरावा, नाहीतर दोरी शाबूत राहील आणि रॉड मोडेल.

तपासणी: काटा पुन्हा दोनदा ओढून पाहावा. तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे.

टप्पा ७: मैदानावर, मग पाण्यावर

पहिल्या पन्नास फेकी मोकळ्या मैदानावर, गळ काढून टाकलेल्या आमिषाने किंवा त्याच वजनाच्या शिशाने कराव्यात. दहा, पंधरा आणि वीस मीटरवर घमेले ठेवावे. घमेल्याच्या हातभर परिसरात दहापैकी सहा फेकी पडू लागेपर्यंत पाण्यावर जाण्याची घाई करू नये. आमिष पडताच बेल हाताने मिटवावी आणि सैल दोरी बोटाने ताणून घ्यावी. मूठ फिरवून बेल मिटवली की सैल वेढा आत गुंडाळला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला गाठ बनून बाहेर येतो.

पाण्यावर बेडकावर उडी पडताच लगेच रॉड उचलू नये. बेडूक दिसेनासा झाला, दोरीला वजन जाणवले, तेव्हा शेंडा खाली घेऊन दोरी ताणावी आणि मग जोरात उचलावे. त्यानंतर थांबू नये, मासा पानांवर आणून सरळ काठाकडे घ्यावा. काठाजवळ आल्यावर रॉड डोक्यामागे उभा नेऊ नये. सगळा भार शेंड्यावर येतो आणि बहुतेक रॉड मासा हाताशी आलेला असतानाच असे मोडतात. मरळीला जाळीने किंवा कापडाने धरावे. तिचे दात बारीक पण तीक्ष्ण असतात आणि गळ काढायला लांब तोंडाची पक्कड लागते.

घरी आल्यावर शेवटची दोन मीटर ब्रेड बोटांतून फिरवावी आणि जेथे लव उठलेली लागेल तेथून कापून टाकावी. कापलेले तुकडे पाण्याकाठी टाकू नयेत, बगळ्यांच्या पायांना ते आवळतात. झाकणाच्या बाटलीत भरून घरी आणावेत. रील ओल्या फडक्याने पुसावे, नळाखाली धरू नये, आणि ठेवण्यापूर्वी ड्रॅग पूर्ण सैल करावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. पुढच्या वेळी निघताना तो स्प्रिंगकाट्यावर पुन्हा लावून घ्यावा.